दम धर, कडुबा

पाण्यात कडुबाला मागं टाकील अशी माणसं चिकलठाण्याच्या कारखान्यांत फारशी नव्हती, पण हे खरं होतं ते फक्त समोरच्या भिंतीपर्यंत. भिंत आली की गडी काठ पकडायचा, डोकं वर काढायचा आणि कुकरची शिट्टी व्हावी तशी छातीतली सगळी हवा एकदम बाहेर सोडायचा. मग नवी हवा घ्यायची, ती पुरली नाही म्हणून आणखी घ्यायची, डोळ्यांवरचं पाणी निपटायचं, आणि मग कुठं परतीला लागायचं. तोवर शेजारच्या पट्ट्यांतले लोक पाय झाडत अर्ध्या वाटेला गेलेले असत. जाताना वाघ अन् येताना शेळी, असं त्याला रंगखात्यातले सोबती म्हणत. कडुबा हसून घ्यायचा. दुसरं करणार काय?

कडुबा मुकुंदवाडीचा. म्हणजे जन्म खेड्यातला, पण तरणा झाल्यापासून घर मुकुंदवाडीत. एका कंपनीत पंख्यांच्या पात्यांना फवाऱ्यानं रंग मारायचं काम करायचा. दिवसभर तोंडाला फडकं, संध्याकाळी कानाच्या पाळीवर तपकिरी ठिपके. बायको चंपा ते ठिपके घासलेटाच्या बोळ्यानं पुसायची आणि पुसताना दिवसभराचं सगळं ऐकवायची. घरात आई होती, पारूबाई. कमी बोलणारी, पण बोलली तर समोरच्याला उत्तर सुचायचं नाही अशी.

त्याला पोहण्याच्या संघात ओढलं ते रामकिसननं. रामकिसन त्याच्या खात्याचा फोरमन, कन्नडकडचा. त्याच्या बापानं जन्मभर मेंढ्या राखल्या होत्या आणि रामकिसन माणसंही तशीच राखायचा; हाकारे घालत, शिव्या देत, पण एकही मागं राहू न देता. कंपनीची सहल धरणावर गेली होती तेव्हा त्यानं कडुबाला पाणी कापत जाताना पाहिलं आणि जेवणाचं ताट हातात तसंच ठेवून ओरडला, "अरे, हा इतके दिवस कुठं लपला होता?"

कडुबानं परत पाण्यात बुडी मारली. लपण्याचा विषय निघाला की तो बोलत नसे.

दरवर्षी कारखान्या-कारखान्यांच्या शर्यती व्हायच्या. पोहण्याची शर्यत महापालिकेच्या तलावात असायची आणि तिच्यात सगळ्यांचा जीव चौघांच्या शर्यतीत. एकाच पट्ट्यात चौघांनी पाळीपाळीनं उतरायचं. प्रत्येकानं एकदा जायचं, भिंतीवरून वळून परत यायचं. त्याचा हात भिंतीला लागला की वरच्यानं उडी टाकायची. गेल्या वर्षी कडुबा जाताना सगळ्यांच्या पुढं होता. वळताना थांबला, फुस्स केलं, दम भरला, आणि परत आला तेव्हा सगळ्यांच्या मागं. शर्यत तिथंच गेली. पण बाकीच्या तिघांपैकी एकानंही त्याला शब्दानं दुखवलं नाही. रामकिसननं तर बाहेर नेऊन त्याला भजी खाऊ घातली. ती भजी कडुबाच्या घशाखाली उतरली नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा मात्र रामकिसननं सरळ विषय काढला.

"कडुबा, फेब्रुवारीत शर्यत हाय. तवर भिंतीवरची पलटी जमली तर जागा तुझी. नाय जमली तर स्टोअरमधल्या त्या नव्या गड्याला घेतो. तो तुझ्याएवढा पळत नाय पाण्यात, पण मधी बसून चहाबी पीत नाय. राग मानू नको."

"राग कशाचा?" कडुबा म्हणाला. "बरोबर हाय तुमचं."

बरोबर होतं, आणि म्हणूनच लागलं. त्या जागेचं कडुबाला काय वाटायचं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गावाकडं त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी होती आणि उन्हाळा लागला की तिचा तळ दिसायचा. कडुबा पोहायला शिकला तो गावाबाहेरच्या खदानीत साचलेल्या पाण्यात, पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून. इथं चौघं चार गावचे, चार जातींचे, एकाच पाण्यात उतरत होते. आणि एकाचा हात भिंतीला लागल्याशिवाय दुसऱ्याला उडी टाकता येत नव्हती. काठावर रामकिसन वाकून आपल्याच हाताची वाट बघत उभा आहे, हे कडुबाला फार आवडायचं. एवढ्याशा गोष्टीचं कौतुक काय सांगायचं, म्हणून तो गप्प बसायचा. पण ती जागा त्याला सोडायची नव्हती.

तलावावर गफूरभाई शिकवायचे. राहायला शहागंजात, वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, पोट पुढं, आणि पाण्यात शिरले की त्या पोटाचं काय होई कळत नसे, माणूस मासोळी व्हायचा. त्यांनी कडुबाला आधी काठावरून पाहिलं, मग चष्मा चढवून पाण्याखाली जाऊन पाहिलं आणि वर येऊन डोक्याला हात लावला.

"मियाँ, तुम्हारे मुँह के पास एक बुडबुडा नहीं! दम पकड के कायकू बैठे?"

कडुबा काठ धरून नाक पुसू लागला.

"पानी में छोडना, बाहर सिर्फ लेना," गफूरभाई बोटांनी समजावू लागले. "तुम छोडते भी बाहर, लेते भी बाहर. इत्ता टाइम किधर से लाना? और पलटी तो ऐसे होनाच नहीं. नाक में पानी घुस जाता."

त्यांनी पलटी करून दाखवली. तळावरची काळी रेघ संपते तिथं शेवटचा हात मारायचा. हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी, पाण्यातल्या पाण्यात कोलांटी. पायांचे तळवे भिंतीला टेकले की तोंड आभाळाकडं असतं. तसंच भिंतीला ढकलून निघायचं आणि निघता निघता पालथं व्हायचं. हात कुठं लावायचा नाही, डोकं कुठं वर काढायचं नाही. आणि हे सगळं चालू असताना नाकातून हवा सारखी बाहेर जात राहिली पाहिजे, कारण हवा बाहेर येत असली तरच पाणी आत येत नाही. गफूरभाईंच्या पलटीमागं बुडबुड्यांचा पांढरा पट्टा उठला.

कडुबानं कोलांटी मारली. खेड्यातला गडी, कोलांटीचं त्याला काय? पण दम धरून मारली. पाणी नाकातून जे चढलं ते थेट टाळूला जाऊन झोंबलं. तो खोकत, शिंकत, डोळे लाल करून वर आला. दुसऱ्यांदा तेच. रोज तेच.

"गुनगुनाओ," गफूरभाईंनी नवी युक्ती काढली. "मुँह बंद, और नाक से हूँऽऽ करते रहो. गाने वाले के नाक में पानी नहीं जाता."

काठावर बसून कडुबा झकास हूं म्हणायचा. पण तोंड पाण्यात गेलं की ते हूं गळ्यातच मरायचं. कुणीतरी आतून कडी लावून घ्यावी तसा गळा बंद व्हायचा. गफूरभाई म्हणायचे, हट्टी है. रामकिसन म्हणायचा, घाबरतो. कडुबा हट्टी नव्हता, आणि पाण्याला तर मुळीच भीत नव्हता. कडी कुणी आणि कधी लावली हे त्याला नीट माहीत होतं.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगावच्या वस्त्या पेटल्या. कडुबा तेव्हा मिसरूड फुटलेला, तालुक्याच्या मोर्चात घसा फाटेस्तोवर घोषणा देऊन आलेला. गावातली काही माणसं त्या मोर्चाला गेलेल्या पोरांनाच शोधत वस्तीवर आली. भर दुपारी छपरं पेटली. ज्याला जिकडं वाट दिसली तिकडं तो पळाला. कडुबा उसात शिरला, उसातून पलीकडं निघाला, आणि मागून आवाज आले तसा समोरच्या विहिरीत उतरला. विहिरीच्या दगडांतून उंबर उगवला होता. त्याची मुळं पाण्यावर लोंबत होती. त्या मुळांच्या आड तो नाकापर्यंत पाण्यात राहिला.

मग वर आईचा आवाज आला. विहिरीत आवाज कसा घुमतो, ज्यानं ऐकलाय त्याला ठाऊक. "दम धर रं बाबा," आई म्हणत होती, "दम धर, दम धर." पाठोपाठ माणसांचे आवाज आले. कुणीतरी दरडावून विचारलं, "पोरगं कुठंय तुझं?" आणि आई म्हणाली, "मला काय ठावं?"

कडुबानं दम धरला आणि पाण्याखाली गेला. एक बुडबुडा वर गेला असता तर वरच्या माणसांना कळलं असतं. छाती फुटायला आली, कानात घण पडायला लागले, पण त्यानं हवा सोडली नाही. अगदीच जीव जायला लागला तेव्हा मुळांच्या आड ओठ तेवढे वर काढून, आवाज न करता, तो थोडी हवा चोरायचा आणि परत खाली जायचा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बाहेर आला तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चालत औरंगाबादला, मुकुंदवाडीत मामाकडं पोचला. आई आधीच आलेली होती, बोकड घेऊन. जळत्या घरातून तिनं तेवढंच सोडवलं होतं. तिनं कडुबाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, चाचपून पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" झालं. त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. आईला सगळं माहीतच आहे, तिनंच तर वाचवलं. मग बोलायचं काय, असं कडुबाला वाटायचं. आईच्या आवाजाचं मात्र त्याला मनातून फार नवल वाटायचं. समोर पेटलेली माणसं, खाली पाण्यात पोरगा, आणि बाई म्हणते मला काय ठावं! आवाजाला कंप नाही की काही नाही.

पुढं 'दम धर' हा शब्द घरात रुळलाच. नोकरीसाठी दम धर, खोलीसाठी दम धर. नामांतराचं काय झालं विचारलं की वस्तीतली मोठी माणसंही म्हणायची, दम धरा. मोर्चे निघायचे, लाठ्या खायच्या, तुरुंगात जाऊन यायचं आणि परत दम धरायचा. शहराभोवती कारखान्यांची रांग लागली, मुकुंदवाडीतल्या पत्र्यांच्या जागी स्लॅब आले, कडुबाचं लग्न झालं. ते नाव काही लागत नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला ते लागलं. मुकुंदवाडीत त्या दिवशी कोण कुणाला मिठी मारत होतं याचा हिशेब नव्हता. काही जण म्हणाले, हे नामांतर नव्हे, नामविस्तार. जुनं नाव आहेच. पारूबाई म्हणाली, "बाबांचं नाव लागलं का नाय? मग झालं तर." आणि ती भिंतीला टेकून बसली ती बराच वेळ उठलीच नाही. कडुबाला वाटलं, आता आपला गळाही मोकळा होणार. होणारच. ज्याच्यासाठी दम धरला ते झालं.

दुसऱ्या दिवशी थंडीत कुडकुडत तो तलावात उतरला, तोंड पाण्यात घातलं आणि हूं म्हणायला गेला. गळा बंद. सरकारचा निर्णय अजून कडुबाच्या नाकापर्यंत पोचला नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की गफूरभाईंना न सांगताच तो निघून गेला. शर्यत आता जवळ आली होती, आणि रामकिसन नव्या गड्याला रोज तलावावर बोलवायला लागला होता.

त्या रविवारी पारूबाई म्हणाली, "मला गेट दाखव." विद्यापीठाच्या गेटवर तेव्हा जत्रा होती. खेड्यापाड्यांतून माणसं यायची, निळे झेंडे, लेकरं खांद्यावर, बाया गेटच्या दगडाला हात लावून तोच हात कपाळाला लावायच्या. रिक्षा लांबच सोडावी लागली. कडुबा भराभर पुढं निघाला तशी मागून हाक आली.

"दम धर रं बाबा, दम धर! गुडघं दुखायलेत माझं."

कडुबा जागच्या जागी थांबला. तोच आवाज, तेच शब्द. तिला हाताला धरून त्यानं लिंबाच्या सावलीत बसवलं. आजवर बोललो नाही ते आज बोलून टाकावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

"आई, तुझ्या ह्या दम धरनंच वाचलो बघ मी त्या दिवशी."

"कोणत्या दिवशी?"

"घरं जळाली तवा. विहिरीवर."

"विहिरीवर म्या तुला कवा म्हणले?"

"वरून म्हणलीस की. मी खाली पाण्यात होतो, उंबराच्या मुळाआड. तू म्हणलीस, दम धर रं बाबा. मग ती माणसं आली, पोरगं कुठंय म्हणायली, तर तू म्हणलीस, मला काय ठावं. अशी बेमालूम थाप मारलीस की मलाच खरं वाटलं."

गुडघा चोळणारा पारूबाईचा हात थांबला.

"थाप?" ती म्हणाली. "मला खरंच ठावं नव्हतं. तू उसात शिरलास एवढंच म्या बघितलं व्हतं. आजवर मला वाटतंय तू उसातच व्हतास."

"मग दम धर कोणाला म्हणलीस?"

"बोकडाला."

"कोणत्या बोकडाला?" कडुबानं विचारलं.

"बोकड व्हता न् माझ्याकडं दाव्याला. पाण्याचा वास आला तसा विहिरीकडं वढायला लागला. तिकडून माणसं येताना दिसायली, म्हणून म्या म्हणले, दम धर रं बाबा." ती थांबली. "अन् तू खाली व्हतास?"

"खालीच होतो."

कडुबाला आधी खुदकन हसू आलं. ज्या आवाजाच्या जोरावर तो पाण्याखाली तग धरून राहिला, तो आवाज बोकडाशी बोलत होता! हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. पारूबाई हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"बरं झालं रं मला ठावं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "ठावं असतं तर म्या खाली बघितलं असतं. कितीबी मन घट्ट केलं असतं तरी एकदा बघितलंच असतं. अन् म्या बघितलं असतं का त्यांनीबी बघितलं असतं."

हे कडुबाला कधी सुचलंच नव्हतं. आई शहाणपणानं बोलली म्हणून आपण वाचलो, असं तो समजत आला होता. आणि वाचलो होतो ते तिला काही माहीत नव्हतं म्हणून. दोघं बराच वेळ एकमेकांचा हात धरून बसली. समोरून माणसं जयभीम म्हणत जात होती आणि ही दोघंही मान हलवून जयभीम म्हणत होती. मग कडुबानं आईला तलावाचं सगळं सांगितलं. तोंड पाण्यात गेलं की गळा कसा बंद होतो, पलटी कशी जमत नाही, जागा कशी जाणार आहे.

पारूबाईनं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले.

"म्हंजी बोकडाला सांगितलेलं तू पाळायलास व्हय इतकी वर्सं?" ती म्हणाली. "अरं, बोकडानं सुदिक नाय पाळलं. हिसडा मारून पळाला. बांधापस्तोर धावले त्याच्यामागं, तवा कुठं गवसला."

आता मात्र तीही हसली. लिंबाखाली बसलेल्या मायलेकांना काय झालंय म्हणून येणारेजाणारे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी कडुबा तलावात उतरला. पाणी बर्फासारखं होतं. काठाला हात धरून त्यानं तोंड पाण्यात घातलं आणि गळ्याची कडी नेहमीसारखी लागली. तेवढ्यात त्याला हिसडा मारून पळणारा बोकड दिसला, आणि बोकडामागं पळणारी आई. त्याला हसू फुटलं. तोंड मिटलेलं होतं, म्हणून ते हसू नाकातून निघालं आणि कानाशी बुडबुड बुडबुड आवाज झाला. कडुबा दचकून वर आला. नाकात पाणी नव्हतं. त्यानं पुन्हा तोंड बुडवलं, पुन्हा बोकड आठवला, पुन्हा बुडबुडे. काठावर चहाचा कप घेऊन उभे असलेले गफूरभाई ओरडले, "अरे छोड्या! छोड्या रे इसने!" आणि निम्मा चहा स्वतःच्याच पायावर सांडून घेतला.

एवढ्यानं पलटी आली असं कुणी समजू नये. भिंतीच्या फार जवळ वळला की टाचा काठावर आपटायच्या, लांबून वळला की पाय भिंतीला पोचायचेच नाहीत आणि गडी मधेच लटकून राहायचा. कधी कोलांटी तिरकी होऊन शेजारच्या पट्ट्यात निघायचा. भिंत सोडल्यावर लगेच हवा घ्यायची नाही, दोन हात मारायचे आणि मग घ्यायची, हे अंगवळणी पडायलाही वेळ लागला. पण हवा आता जायची तिथं जात होती. पाण्यात सोडायची, बाहेर घ्यायची. हळूहळू बोकडाची गरज उरली नाही, नुसत्या हूंवर भागायला लागलं. कडुबाला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की दम सोडल्यावर माणूस दमत नाही. इतकी वर्षं आपण छातीत शिळी हवा भरून हिंडत होतो म्हणायचं! शर्यतीच्या आदल्या आठवड्यात रामकिसननं त्याचं जाणं-येणं डोळे बारीक करून पाहिलं आणि नव्या गड्याला सांगितलं, "तू पुढल्या साली."

शर्यतीच्या दिवशी पारूबाई आली. आजवर ती कधी तलावाकडं फिरकली नव्हती. चंपाबरोबर पायऱ्यांवर बसली, माणसं उघडीबंब उड्या मारतात ते बघून तोंड फिरवलं, मग उठली आणि गफूरभाईंना गाठून विचारलं, "ते कोलांटी मारत्यात ते कोणत्या भिंतीला?" गफूरभाईंनी पलीकडचा काठ दाखवला. पंच नको नको म्हणत असताना पारूबाई लंगडत तिकडं गेली आणि कडुबाच्या पट्ट्याच्या टोकाशी उकिडवी बसली. म्हातारीला उठवणार कोण?

कडुबा तिसरा होता. शेवटी रामकिसन. दुसऱ्या गड्याचा हात भिंतीला लागला आणि कडुबानं उडी टाकली. हात, हात, हवा. हात, हात, हवा. नाकातून हूं चालू. काळी रेघ संपली. शेवटचा हात मारून त्यानं हनुवटी छातीला लावली, अंग गोळा केलं आणि उलटला. बुडबुड्यांचा लोट चेहऱ्यावरून वर गेला. तळवे भिंतीला लागले. त्या क्षणी त्याचं तोंड आभाळाकडं होतं आणि डोळे उघडे होते. वर, हलत्या पाण्यापलीकडं, पांढरं लुगडं नेसलेली आई वाकून खाली बघत होती.

त्यानं भिंत ढकलली.

त्यांचा संघ दुसरा आला. पहिले वाळूजचे, त्यांना तोड नव्हती. पण कडुबाचा हात लागून रामकिसननं उडी टाकली तेव्हा आपण कुणाच्या मागं नव्हतो, हे कडुबानं स्वतः वळून पाहिलं. बाहेर आल्यावर रामकिसननं त्याला पाठीत असा धपका घातला की उरलेली हवाही निघून गेली.

अंग पुसत कडुबा आईकडं गेला. ती अजून तिथंच उकिडवी बसून होती, पाण्याकडं बघत. लुगड्याचा काठ भिजला होता.

"इतकं वाकून काय बघायलीस? पडली असतीस न्."

"लई बुडबुडं सोडलंस रं," पारूबाई म्हणाली. त्यानं हात पुढं केला, तो धरून ती गुडघे सांभाळत उठली. उभी राहिल्यावरही तिनं त्याचा हात सोडला नाही.

"या बारीला मला ठावं व्हतं," ती म्हणाली, "तू खाली हाईस म्हणून."